हात लावण्याआधी

मेव्हिस : आणि तो तुकडा कुठंय?

लाइल : कुठला?

मेव्हिस : रायफलीच्या दस्त्याच्या मागून कापलेला. आत्ताच म्हणालास ना, इंचभर कापला म्हणून.

लाइल : तो गेला. वर्कशॉपच्या शेगडीत. त्या दिवशी थंडी फार होती, हाताशी आलं ते टाकत होतो.

मेव्हिस : शेगडीत.

लाइल : अक्रोडाचं लाकूड. छान जळलं.

मेव्हिस : जळेल नाहीतर काय. शंभर वर्षं वाळलेलं होतं.

लाइल : मेव्हिस, तुम्ही असं शांत बोलू नका ना. ओरडा माझ्यावर. ओरडलात तर जरा बरं वाटेल मला.

मेव्हिस : तुला बरं वाटावं म्हणून मी घसा फोडू होय? आधी ते दार लाव, वारा येतोय. आणि पाटी फिरव. हरणांच्या शिकारीचा हंगाम चार दिवसांवर आला, गावातली निम्मी माणसं माझ्याकडे बंदुकीच्या गोळ्या घ्यायला येणार, आणि मी तुझ्यापायी भरदुपारी दुकान बंद करून बसलेय.

लाइल : फिरवली पाटी.

मेव्हिस : आता पहिल्यापासून सांग. तुझा सासरा, ऑरिन, डुलुथला खांद्याच्या ऑपरेशनला गेला. पुढे?

लाइल : ऑपरेशन, मग ते व्यायामाचं सगळं, म्हणून तिथंच बहिणीकडे राहिला. माझी बायको, करीन, तीही जाऊनयेऊन तिकडेच. मी एकटा घरी. ऑरिनची खोली रंगवायला घेतली होती, पलंग हलवला, तर खाली ही पेटी. उघडली. तर रायफल अशी मळकट, चिकट, काळी पडलेली. दस्त्याला चीर. लोखंडावर तांबूस डाग. मला वाटलं, बिचाऱ्याला आता खांद्यामुळे जमत नसेल निगा राखायला. आपण करून ठेवू. हंगामाच्या पहिल्या दिवशी सकाळी हातात देऊ.

मेव्हिस : हरणांना तो ही रायफल नेत नाही, लाइल.

लाइल : नाही?

मेव्हिस : ती वेगळी. हॉलच्या कपाटातली, पट्टा लावलेली. गेली कित्येक वर्षं तीच नेतो. ही पहिल्या महायुद्धातली, स्प्रिंगफील्ड कारखान्याची आहे. हिला तो पलंगाखालून वर्षातून दोनदा काढतो, तेलाचा बोळा फिरवतो आणि परत ठेवतो.

लाइल : म्हणजे मी चुकीच्याच रायफलीला...

मेव्हिस : दिव्याखाली आण. अशी धर. हं.

लाइल : काय?

मेव्हिस : काम सुंदर केलंयस.

लाइल : मी पॉलिशचे अकरा हात दिले. प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिशपेपर.

मेव्हिस : दिसतंय. माझं तोंड दिसतंय यात. तीच तर पंचाईत आहे. एखाद्या अडाण्यानं वरवर काहीतरी फासलं असतं तर मी ते पुसून काढलं असतं, खाली जुनं लाकूड मिळालं असतं. तू सगळं मुळापर्यंत घासलंस. इथं डावीकडे एक चौकोनी शिक्का होता, आत तीन अक्षरं.

लाइल : तो डाग नव्हता?

मेव्हिस : डाग?

लाइल : अगदी पुसट होता हो. मला वाटलं कुणीतरी गरम काहीतरी ठेवलं असेल.

मेव्हिस : कारखान्यातल्या तपासनिसाचा शिक्का होता तो. रायफल तपासली, पास केली, ठोकला. संग्राहक आधी तोच शोधतात. भिंग लावून शोधतात. आणि इकडे खाली, मुठीजवळ, दोन अक्षरं कोरलेली होती.

लाइल : आर आणि एम. चाकूनं कुणीतरी वेडीवाकडी कोरली होती. ती मी भरली. त्याच लाकडाचा भुसा आणि सरस. शोधून दाखवा कुठं होती ते.

मेव्हिस : नाही सापडत.

लाइल : बघा.

मेव्हिस : अरे, बघा काय? ती अक्षरं सैनिकानं कोरली होती. फ्रान्समध्ये कुठंतरी चिखलात बसून कुणा पोरानं स्वतःच्या नावाची खूण केली. त्याला किंमत असते, लाइल.

लाइल : म्हणजे चाकूनं खरवडलेलं चालतं आणि मी नीट दुरुस्त केलेलं चालत नाही? हा कुठला न्याय?

मेव्हिस : सैनिकानं खरवडलं तर तो तिचा इतिहास. घरी आणून कुणी सुधारली तर ती नासधूस. मी नियम केला नाही. लढाईनंतर स्वस्तात मिळायच्या ह्या, लोकांनी आणल्या, लाकूड छाटलं, दुर्बिणीसाठी भोकं पाडली, शिकारीला नेल्या. माझ्या नवऱ्यानं, एमेटनंच, उमेदीच्या काळात अशा कितीतरी कापल्या असतील. नंतर डोकं धरून बसायचा. आता ज्या जशाच्या तशा राहिल्या त्यांनाच भाव.

लाइल : माझ्या धंद्यात ओरखडा म्हणजे गिऱ्हाईकाची तक्रार.

मेव्हिस : ते माहितीये मला. माझ्या स्वयंपाकघरातली कपाटं तूच केलीस. आणि हे रबर?

लाइल : झटका कमी बसावा म्हणून गादी लावली. खांद्यात आता स्क्रू आहेत ना त्यांच्या. गादीनं लांबी वाढते, म्हणून तेवढं मागून कापलं. करीन म्हणालेली, बाबांचा खांदा पुन्हा पूर्वीसारखा व्हायचा नाही. म्हटलं...

मेव्हिस : बस. कळलं.

लाइल : मला आज सकाळी कळलं की ती विकलीय. नाश्त्याला. करीन सहज म्हणाली, "बाबांना दुपारी मेव्हिसकडे सोडायचंय, ओहायोचा माणूस रायफल न्यायला येतोय."

मेव्हिस : तिला सांगितलंस?

लाइल : नाही. म्हटलं, पेटी मी पुढे नेऊन ठेवतो, तुम्ही सावकाश या. ऑरिननी पेटी उघडलीसुद्धा नाही. हात गळ्यात अडकवलाय, उघडणार कशी. मान हलवली फक्त.

मेव्हिस : तो ओहायोचा माणूस, प्रुइट, कोण आहे ठाऊक आहे? वसंतातल्या जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनात भेटला मला आणि ऑरिनला. ऑरिननं त्याला जुलैत फोटो पाठवले, माझ्याच फोनवरून. माणसानं काय उत्तर दिलं सांगू? "काहीही करू नका. धूळसुद्धा पुसू नका."

लाइल : देवा.

मेव्हिस : बेचाळीसशे डॉलर ठरले. लिहिलेलं काही नाही, फोनवर शब्द. परराज्यातला माणूस, म्हणून कायद्यानं कागद माझ्या दुकानातून व्हायचे.

लाइल : आणि आता किती येतील?

मेव्हिस : आता? नळी चांगली आहे, यंत्र चांगलं आहे. पण ह्या चांदीसारख्या चकाकणाऱ्या पट्ट्याही तू घासल्यास. हजार-बाराशे. तेही शिकारीला घेणाऱ्याकडून. प्रुइट फुकटही न्यायचा नाही.

लाइल : वरचे मी भरतो. हप्त्यानं भरतो.

मेव्हिस : पैशाचं ऑरिन बघेल. तुला अजून कळत नाहीये घोडं कुठं अडलंय ते. तीस वर्षं तो त्या प्रदर्शनात टेबल लावतोय. आमच्याकडे एक रीत आहे. समोरच्यानं हात लावण्याआधी सांगायचं. काय बदललं, काय जोडलं, कुठं चीर आहे. त्यानं एकदा वस्तू उचलली की मग सांगितलेलं धरत नाहीत. मग ते लपवलेलं समजायचं. आणि ऑरिन म्हणजे... लोक त्याच्याकडून घेताना पालटून बघतसुद्धा नाहीत.

लाइल : तुमच्या मागच्या खोलीत एक दस्ता टांगलेला आहे.

मेव्हिस : काय म्हणालास?

लाइल : मी फळ्या ठोकायला आलो होतो तेव्हा पाहिला. खिळ्याला टांगलेला. काळपट, जुना. असाच. डावीकडे असाच डाग... शिक्का होता.

मेव्हिस : एमेटचा तो. नळी फुटलेल्या रायफलीचा.

लाइल : त्याच कारखान्याचा?

मेव्हिस : त्याच कारखान्याचा. त्याच तपासनिसाचा.

लाइल : मेव्हिस.

मेव्हिस : नाही.

लाइल : मी अजून काही बोललोही नाही.

मेव्हिस : तुझं तोंड बोलतंय. चोराच्या मनात चांदणं.

लाइल : तो दस्ता हिला बसवला तर खोटं कुठं आहे त्यात? शिक्का खरा. लाकूड खरं. कारखाना तोच. किती वेळ लागेल? दोन स्क्रू आणि दोन पट्ट्या.

मेव्हिस : पाच मिनिटं.

लाइल : मग?

मेव्हिस : मग काही नाही. शंभर वर्षं एका लाकडात बसलेलं लोखंड त्या लाकडावर आपला वळ उठवतं. दुसऱ्या लोखंडाचा वळ दुसरीकडे. आज त्याला दिसणार नाही. उद्याही नाही. एखाद्या रविवारी बाहेर बर्फ पडत असेल, करायला काही नसेल, तेव्हा तो आरामात बसून स्क्रू काढेल. मग त्याला कळेल, आणि मग तो फोन उचलेल. चेस्टर लूमिसला ओळखतोस?

लाइल : तो म्हातारा? प्रदर्शनात कोपऱ्यात बसतो तो?

मेव्हिस : कोपऱ्यात का बसतो, विचारलंस कधी? त्यानं एकदा असंच केलं होतं. एकदाच. आज त्याच्या टेबलावर कुणी कॉफीचा कपसुद्धा टेकवत नाही.

लाइल : मी काय करू मग? तुम्हीच सांगा. नऊ वर्षं झाली लग्नाला. ऑरिन माझ्याशी हवेबद्दल बोलतात आणि ट्रकबद्दल बोलतात. एकदा, फक्त एकदा वाटलं, आपल्याला जे येतं त्यातलं काहीतरी त्यांच्या हातात द्यावं. आणि हात दाखवून अवलक्षण.

मेव्हिस : सांगून टाक त्याला.

लाइल : जीभ वळत नाही माझी. गाडीत सराव करत आलो. प्रत्येक वेळी "ऑरिन, एक गोष्ट आहे" इथंच अडतो.

मेव्हिस : मग पुढचं वाक्य शोध, वेळ फार नाही. ती बघ करीनची गाडी.

लाइल : इतक्यात? तीनला येणार होते ना?

मेव्हिस : प्रुइट तीनला. ऑरिन कधी कुठं वेळेवर गेलाय? तो तासभर आधीच जातो. पेटी मीट.

(दाराच्या काचेवर अंगठीची टकटक. मेव्हिस कडी काढते.)

ऑरिन : बंद का ठेवलंयस? हंगामात?

मेव्हिस : सँडविच खात होते. करीन कुठंय?

ऑरिन : औषधांच्या दुकानात गेली. माझ्या गोळ्या. दिवसाला सात. तू अजून इथंच, लाइल?

लाइल : हो. पेटी आणली ना. म्हटलं थांबू.

ऑरिन : बरं केलंस. ठेव ती काउंटरवर. त्याच्या आधी एकदा बघून घेतो. शेवटचं.

मेव्हिस : बस तरी आधी. खांदा काय म्हणतो?

ऑरिन : खांद्याचं काही नाही. डोळेच गेले. शिकारीच्या रायफलीवरची नेम धरायची माशीसुद्धा दिसत नाही मला आता, नुसता धुरकट ठिपका. हिची निगा कशी राखणार? म्हणून तर देतोय. ठेवून काय करू? मी गेल्यावर कुणीतरी कापेल, रंगवेल, दुर्बीण बसवेल. त्यापेक्षा जाणत्याकडे गेलेली बरी. ही कडी कशी उघडते रे एका हातानं?

लाइल : ऑरिन.

ऑरिन : हं.

लाइल : थांबा.

ऑरिन : काय झालं?

लाइल : हात लावू नका. आधी ऐका.

ऑरिन : ...बोल.

लाइल : मी दस्ता घासला. पूर्ण. तुम्ही डुलुथला होतात तेव्हा. शिक्का गेला. मला तो डाग वाटला. ती दोन अक्षरं मी भरली. चीर सांधली. वर चकचकीत पॉलिश दिलं, अकरा हात. मागून इंचभर कापून रबरी गादी बसवली, खांद्यासाठी. पट्ट्या आणि मागची लोखंडी पट्टी घासून काढली. मला वाटलं तुम्ही हिच्यानं शिकार करता.

ऑरिन : मेव्हिस, हा काय बोलतोय?

मेव्हिस : खरं बोलतोय.

ऑरिन : उघड.

लाइल : ऑरिन, मी...

ऑरिन : उघड म्हटलं ना.

मेव्हिस : मी उघडते. इकडे ये, दिव्याजवळ.

ऑरिन : दिवा नको मला. हात ठेव तिच्यावर माझा. ...शिक्का इथं होता. इथं, अंगठ्याखाली. मी रोज नाही बघायचो, पण मला ठाऊक असायचं, इथं आहे.

लाइल : मला माफ करा.

ऑरिन : काचेसारखं लागतंय. माझ्या आईच्या जेवणाच्या टेबलासारखं.

लाइल : खांदा दुखू नये म्हणून...

ऑरिन : ही मी कधी खांद्याला लावली नाही. एकदाही नाही. मला ज्या बाईनं ही दिली, तिचा भाऊ होता तो, आर एम. रसेल मॅकेल्वी. तो परत आला नाही, रायफल कशीबशी कुणीतरी आणून दिली. तिनं मला सांगितलं होतं, हिच्यातून आता कुणी गोळी झाडू नये. म्हणून पलंगाखाली. तुला माझ्या खोलीला रंग द्यायला कुणी सांगितलं होतं?

लाइल : कुणी नाही.

ऑरिन : नऊ वर्षं तू माझ्या घरात खिडक्या, दारं, जिने सगळं दुरुस्त करतोयस. कुणी सांगितलं नसताना. मी कधी काही बोललो नाही. आज मला तुझं तोंडही बघवत नाहीये.

लाइल : बरोबर आहे तुमचं.

ऑरिन : बरोबर आहे म्हणू नकोस. काही म्हणू नकोस.

मेव्हिस : पाणी घे, ऑरिन.

ऑरिन : किती वाजले?

मेव्हिस : पावणेतीन.

ऑरिन : ओहायोहून निघालाय तो. पहाटे अंधारात. त्याला काय सांगू मी? माझ्या घरात, माझ्या पलंगाखाली, माझ्याच घरच्या माणसानं? तो म्हणेल, म्हाताऱ्यानं जुने फोटो दाखवून मला फसवलं. वसंतात प्रदर्शनाला सगळ्यांना सांगेल. सांगेलच. मी असतो तर सांगितलं असतं.

मेव्हिस : मी साक्ष देईन.

ऑरिन : साक्षीदार लागण्याची वेळ आली म्हणजे माणूस गेलाच.

मेव्हिस : असं नसतं.

ऑरिन : मेव्हिस.

मेव्हिस : काय?

ऑरिन : एमेटचा तो दस्ता आहे का अजून? मागचा?

मेव्हिस : ...आहे.

ऑरिन : शिक्का शाबूत?

मेव्हिस : शाबूत.

ऑरिन : तुझा पेचकस कुठंय?

मेव्हिस : ऑरिन, तू शुद्धीवर आहेस ना?

ऑरिन : शिक्का खरा आहे. लाकूड खरं आहे. कारखाना तोच. खोटं काय त्यात?

मेव्हिस : आणि ती दोन अक्षरं? फोटोत आहेत ती.

ऑरिन : चाकू आहे माझ्याकडे.

मेव्हिस : तुझ्याच्यानं कोरवेल? डोळ्यांनी दिसत नाही, एक हात गळ्यात.

ऑरिन : ह्याच्याच्यानं कोरवेल. लाकूड येतं ना ह्याला. नासायला जमलं, तर आता जुळवूही दे. आण तो दस्ता.

मेव्हिस : चाळीस वर्षं ओळखते मी तुला. तू म्हणालास तर आणेन. पण एकदाच विचारते, आणू?

ऑरिन : आण.

लाइल : नाही.

ऑरिन : तुला कुणी विचारलं?

लाइल : कुणी नाही. तरी सांगतो. मी कोरणार नाही.

ऑरिन : घाबरलास?

लाइल : सकाळपासून घाबरलोय. तुम्ही यायच्या आधी मी हेच मागत होतो मेव्हिसकडे. हेच शब्द. शिक्का खरा, लाकूड खरं. विचारा त्यांना.

मेव्हिस : मागत होता.

लाइल : तेव्हा मला माझीच भीती होती. तुम्ही मला घरातून काढाल, करीन काय म्हणेल. आता तुमच्या तोंडून तेच ऐकलं आणि मला कसंतरी झालं. त्यानं कधी ते स्क्रू काढले, तर आत त्याला माझं नाव दिसणार नाही, ऑरिन. तुमचं दिसेल. मी लाकूड घालवलं. हे नावही घालवायला हातभार लावू?

ऑरिन : मोठा आलास शिकवायला.

लाइल : नाही आलो. मला भीती वाटतेय म्हणून बोलतोय.

ऑरिन : आणि तो गाडी वळवून परत गेला तर?

लाइल : तर जाईल.

ऑरिन : प्रदर्शनात काय सांगेल?

लाइल : की ऑरिनच्या जावयानं त्याची रायफल नासली. ते खरंच आहे. सांगू दे.

मेव्हिस : निळी गाडी आली वळणावर. ओहायोची नंबरपाटी.

ऑरिन : इतक्यात?

मेव्हिस : तुझ्यासारखाच दिसतोय. लवकर येणारा. काय करू, ऑरिन? मागे जाऊ की पाटी फिरवू?

ऑरिन : एकटाच आहे?

मेव्हिस : एकटाच. गाडी लावली त्यानं.

ऑरिन : फिरव पाटी.

लाइल : पेटी मिटून इथंच राहू दे. मी त्याला बाहेरच गाठतो, आत येण्याआधी.

ऑरिन : काय काय सांगणार?

लाइल : घासलं, भरलं, कापलं. तुकडा शेगडीत टाकला.

ऑरिन : तुकडा शेगडीत टाकला?

लाइल : ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

ऑरिन : ...तेही सांग. थांब. माझा कोट आधी. ही बाही घाल, हा हात वर होत नाही. हळू.

लाइल : तुम्ही नका येऊ. थंडी आहे.

ऑरिन : रायफल माझी आहे. बटण लाव. वरचं राहू दे.

लाइल : चला.

ऑरिन : आणि लगेच सुरू करू नकोस. पहाटेपासून गाडी हाकत आलाय तो. आधी विचार, काही खाल्लंय का.